मुलांसाठी अमोस फॉर्च्यूनचे चरित्र लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ ते अकरा वर्षांच्या मराठी मुलांसाठी अमोस फॉर्च्यूनचे 32 पानी चरित्र लिहायचे आहे. आफ्रिकेतून पकडून आणलेला, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये गुलाम म्हणून राबलेला आणि कातडी कमावण्याच्या धंद्यावर स्वतःची सुटका विकत घेतलेला हा माणूस. सुरुवात कुठून करावी, धंद्याची माहिती किती द्यावी, क्रौर्य किती सांगावे आणि नोंदी नाहीत तिथे काय करावे?

सुरुवात आफ्रिकेपासून करू नका. मोह होतो, कारण जंगल, टोळी, पळवून नेणारे लोक, जहाज असा सगळा रंगीत मसाला तिथे हाताशी असतो. पण अमोसच्या बालपणाची एकही नोंद नाही. त्याचे आईवडिलांनी ठेवलेले नाव नाही, गावाचे नाव नाही, त्याला आणणाऱ्या जहाजाचे नाव नाही. 1710 हे जन्मवर्षसुद्धा उलट हिशेबाने काढलेले आहे: 17 नोव्हेंबर 1801 ला तो वारला आणि थडग्यावर वय 91 कोरले आहे, एवढाच त्याला आधार. 1951 साली अमेरिकेत बालसाहित्याचे न्यूबेरी पदक मिळालेल्या बालचरित्रात त्याला राजपुत्र केले आहे. आपण तसे करू नये. त्याला कागदाचा आधार नाही ही एक अडचण. दुसरी त्याहून मोठी: राजाचा मुलगा गुलाम झाला म्हणून वाईट वाटायचे असेल, तर शेतकऱ्याचा मुलगा गुलाम झाला तर काय? वाचणारे मूल हा प्रश्न तोंडाने विचारत नाही, पण उत्तर मात्र मनात घेऊन जाते.

त्यामुळे पहिले पान वूबर्न गावात उघडा. बोस्टनजवळचे हे गाव, आणि इकबॉड रिचर्डसन हा तिथला कातडी कमावणारा. अमोस त्याच्याकडे गुलाम होता आणि धंदा तिथेच शिकला. तो समुद्रापलीकडून कसा आला हे दुसऱ्या-तिसऱ्या पानावर चार वाक्यांत सांगा: आफ्रिकेत जन्मला, पकडला गेला, इतरांबरोबर जहाजाच्या तळघरात कोंबून आणला गेला, विकला गेला. जहाजावर माणसे मरत हेही सांगा. मुलांना ते पेलते. चाबूक, रक्त, जखमा यांची रसभरीत वर्णने त्यांना पेलत नाहीत, आणि त्याचे खरे कारण असे की त्या वर्णनांत मुलाचे लक्ष वेदनेवर खिळते आणि माणूस हरवतो.

आता धंदा. या पुस्तकाचा कणा तोच आहे, म्हणून इथे काटकसर करू नका. अमोसची सुटका भलेपणामुळे झाली नाही, नशिबाने झाली नाही. त्याच्या हातात असे काम होते ज्याला बाजारात दाम मिळत होता. ते काम मुलांना नीट कळले नाही तर उरलेली गोष्ट परीकथा होते.

अठराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात, हे काम असे चाले. शरद ऋतूच्या अखेरीस, थंडीत चाऱ्याची टंचाई होण्यापूर्वी, शेतकरी जनावरे कापत, तेव्हा कातड्यांची मोठी आवक होई. आधी ओढ्याच्या वाहत्या पाण्यात धुऊन रक्त, माती, मीठ काढायचे. मग विरघळवलेल्या चुन्याच्या कुंडात काही आठवडे ठेवायचे. चुन्याने केसांची मुळे सैल होतात. नंतर कातडे एका उतरत्या, गोल पाठीच्या लाकडी ओंडक्यावर पसरायचे आणि दोन्ही टोकांना मुठी असलेल्या बोथट, किंचित वाकड्या सुरीने, दोन्ही हातांनी पुढे रेटत केस काढायचे. उलटून दुसऱ्या बाजूला, धार असलेल्या सुरीने मांस आणि चरबी तासायची. इथे हात चुकला तर कातड्याला भोक पडते आणि त्याची किंमत तिथल्या तिथे उतरते.

चुना कातड्यात राहू देऊन चालत नाही. तो काढायला पक्ष्यांच्या किंवा कुत्र्यांच्या विष्ठेच्या पाण्यात कातडे भिजवत. हा तपशील वगळू नका. मुले हसतील, नाक मुरडतील आणि तेवढे नक्की लक्षात ठेवतील. शिवाय तो विनाकारण नाही: विष्ठेतले जिवाणू आणि पाचक द्रव्ये कातडे मऊ करतात.

मग येते साल. ओक किंवा हेमलॉकच्या झाडाची साल वसंताच्या शेवटी सोलतात, कारण तेव्हा झाडात रस चढलेला असतो आणि साल सहज सुटते. ती वाळवायची आणि घोड्याने फिरवलेल्या दगडी चाकाखाली भरडायची. जमिनीत पुरलेल्या, फळ्यांनी मढवलेल्या खड्ड्यात एक थर भरडलेली साल, एक कातडे, पुन्हा साल, पुन्हा कातडे अशी चळत लावायची, वर पाणी सोडायचे आणि थांबायचे. जोड्याच्या तळव्याचे जाड चामडे तयार व्हायला वर्षभर किंवा त्याहूनही जास्त लागे. वरच्या भागाचे पातळ चामडे काही महिन्यांत होई. एक पौंड जाड चामड्यामागे चार-पाच पौंड साल खर्ची पडे. चित्रात चामड्याशेजारी सालीचा ढीग काढायचा असेल तर तो ढीग मोठाच हवा.

साल काय करते हे मराठी मुलांना समजावणे सोपे आहे. हिरडा चघळला किंवा कच्चे केळे खाल्ले की तोंड आवळते. ते टॅनिनमुळे. ओकच्या सालीत तेच टॅनिन असते. ते कातड्यातल्या प्रथिनाला धरून बसते, मग कातडे ओले झाले तरी कुजत नाही. इतके पुरे. रेणूंची नावे या वयाला नकोत.

काय बिघडते हे जरूर लिहा. कारागिराचे कसब बिघाडातूनच दिसते. चुन्यात जास्त दिवस राहिले की कातडे पोकळ आणि कमकुवत होते. चुना पुरता निघाला नाही तर चामडे कडक, ठिसूळ राहते. सालीचे पाणी पहिल्याच दिवशी फार कडक घेतले तर वरचा थर झटकन कमावला जातो, आत टॅनिन शिरायची वाटच बंद होते, आणि वरून छान दिसणारे चामडे मधोमध कच्चे राहून दुमडताना तडकते. म्हणून आधी जुने, वापरलेले, सौम्य पाणी आणि मग क्रमाक्रमाने ताजे. हे तपासायची रीत चित्रात आणण्याजोगी आहे: कातड्याच्या कडेला छोटा काप घेऊन आत बघायचे. आरपार सारखा तपकिरी रंग आला तर झाले. मधे फिकट रेघ दिसली तर पुन्हा खड्ड्यात. अमोसच्या हातात असा कापलेला तुकडा, आणि त्यात फिकट रेघ आहे की नाही हे मुलाने चित्रात शोधायचे. एक अख्खे पान याला द्या.

शेवटी चामडे वाळवून त्यात प्राण्यांची चरबी आणि माशाचे तेल चोळून मुरवायचे. मग ते मोची आणि खोगीर शिवणारे घेऊन जात.

पुस्तकाची वेळ याच कामाच्या हंगामावर बसवा: साल सोलण्याचा वसंत, कातड्यांची आवक होणारा शरद, खड्डे गोठवणारा हिवाळा. ज्या वर्षांबद्दल अमोसविषयी वेगळे काही सांगता येत नाही, ती वर्षे या हंगामांनी खरी भरून निघतात आणि संवाद रचावे लागत नाहीत.

संवादांबद्दल माझे मत कडक आहे: नोंद नसलेला एकही संवाद अवतरणचिन्हांत घालू नका. फरक दोन नमुन्यांत दिसतो. एक: “अमोसने आभाळाकडे पाहिले आणि मनाशी म्हणाला, एक दिवस मी नक्की मोकळा होईन!” दुसरा: “1763 च्या डिसेंबरात एक कागद लिहिला गेला. अमोसला मोकळे करायचे असे त्यात होते. त्या कागदावर मालकाची सही झाली नाही.” पहिल्या वाक्यात लेखकाशिवाय कोणी नाही. दुसऱ्यात मूल आपोआप विचारते, सही का नाही केली?

त्या कागदापासून पुढची पाने हिशेबाची आहेत आणि त्यांना जागा द्या. 1763 चा मसुदा सहीविना राहिला. 1768 मध्ये रिचर्डसन वारला आणि मृत्युपत्रात अमोसच्या सुटकेचा शब्द नव्हता. अमोसला वारसांशी पुन्हा बोलणी करावी लागली, त्यांना पैसे द्यावे लागले, आणि 1770 मध्ये, साठीच्या घरात, तो मोकळा झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामाला थोडीफार मालमत्ता बाळगता येई, कोर्टात दावाही लावता येई. दक्षिणेतल्या वसाहतींत असे नव्हते. म्हणूनच या गोष्टीत बोलणी आणि पैशांची देवघेव आहे. पण एवढ्याने ती न्यायाची व्यवस्था होत नाही. स्वतःच्याच घामाचे पैसे देऊन स्वतःलाच विकत घ्यावे लागले, हे वाक्य पुस्तकात एकदा साधेपणाने लिहा. त्यावर विशेषणे चढवू नका.

मालक सही करायला का कचरत, याचे एक कारण मुलांना सांगता येते. 1703 च्या कायद्याने, गुलामाला मोकळे करणाऱ्याला गावाकडे किमान 50 पौंडांची हमी द्यावी लागे. मोकळा झालेला माणूस उद्या गावावर भार होऊ नये म्हणून. म्हणजे आयुष्यभर ज्याने फुकट काम केले त्याच्या म्हातारपणाची भीती गावाला वाटत होती. ही भीती पुढे पुन्हा येते. 1781 मध्ये अमोस न्यू हॅम्पशरमधल्या जॅफ्री गावी राहायला गेला, तेव्हा गावाने त्याला आणि त्याच्या बायकोला तिथून जाण्याची सरकारी सूचना बजावली. गरीब नवख्यांना अशा सूचना देण्याची तिथे रीतच होती. तो गेला नाही. ओढ्याकाठी कातडी कमावू लागला, 1789 मध्ये 25 एकर जमीन घेतली, घर आणि कोठार बांधले.

इथे सर्वांत जास्त चुका होतात. पहिली चूक म्हणजे ‘दयाळू मालक’. रिचर्डसनने कागद लिहवला म्हणून तो चांगला, असे मुलांना सुचवले जाते, आणि सगळी गोष्ट कृतज्ञतेची होते. त्याने तो कागद अपुरा ठेवला, हेही त्याच पानावर हवे. दुसरी चूक उलट बाजूची: चांगला वागला, कष्ट केले, बचत केली, म्हणून सुटला. मग जे सुटले नाहीत ते कष्ट करत नव्हते का? अमोसइतकेच राबून गुलामीतच मेलेली हजारो माणसे होती. त्यांच्याकडे दाम मिळणारा धंदा नव्हता, किंवा बोलणी करायला तयार असा वारस नव्हता. एका परिच्छेदात हे सांगा. शिवाय तारीख जोडा: 1783 मध्ये क्वॉक वॉकर या माणसाच्या खटल्यात मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टाने गुलामगिरी राज्याच्या घटनेत बसत नाही असे म्हटले. अमोस कोर्टाची वाट पाहत बसला असता तर सत्तरी ओलांडून मोकळा झाला असता.

आता लिडिया आणि व्हायोलेट. हा भाग अवघड म्हणून गाळतात, आणि मग चरित्राचा जीवच जातो. 1778 मध्ये अमोसने लिडिया सॉमरसेटला 50 पौंडांना विकत घेतले, म्हणजे तिची सुटका केली, आणि तिच्याशी लग्न केले. ती थोड्याच महिन्यांत वारली. 9 नोव्हेंबर 1779 ला त्याने व्हायोलेट बाल्डविनसाठी तेवढीच रक्कम दिली आणि दुसऱ्या दिवशी लग्न केले. “बायको विकत घेतली?” असे मुले विचारणारच. उत्तर सरळ द्या: कायद्याने ती दुसऱ्याची मालमत्ता होती. तिला घरी आणायचे तर आधी तिची विक्री व्हावी लागे, आणि त्या एका रात्रीपुरता कायद्याच्या कागदावर तोच तिचा मालक होता. व्हायोलेटच्या थडग्यावर हे कोरलेलेच आहे: विक्रीने अमोस फॉर्च्यूनची गुलाम, लग्नाने त्याची पत्नी, निष्ठेने त्याची मैत्रीण आणि दिलासा. ती 1802 मध्ये, त्याच्यानंतर वर्षभराच्या आत गेली. हे शब्द पुस्तकात घ्या, पण ते व्हायोलेटचे नव्हेत, इतरांनी तिच्याबद्दल लिहिलेले आहेत, हे चित्राखाली नोंदवा. अमोसच्या दगडाचेही तसेच. त्याने मृत्युपत्रात चांगले दगड बसवायला सांगितले होते. त्यावरचा मजकूर मात्र दुसऱ्यांचा: आफ्रिकेत स्वतंत्र जन्मला, अमेरिकेत गुलाम, स्वातंत्र्य विकत घेतले, ख्रिस्ती धर्म अंगीकारला, प्रतिष्ठेने जगला, आशेने मरण पावला. दोन दगडांची चित्रे समोरासमोरच्या पानांवर ठेवली की मुले ती स्वतःच ताडून बघतात.

पौंडांचे रुपये करू नका. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या त्या वर्षांत चलन वेगाने घसरत होते, म्हणून 1778 चे 50 आणि 1763 चे 50 यांतही सारखेपणा नाही. मृत्युपत्राप्रमाणे दिल्या गेलेल्या रकमा डॉलरमध्ये आहेत, कारण मधे देशाचे चलन बदलले: चर्चला 100 डॉलर आणि गावच्या शाळेला 243 डॉलर. ज्या गावाने ‘हा आपल्यावर भार होईल’ म्हणून निघून जायला सांगितले, त्याच गावच्या शाळेला तो पैसे ठेवून गेला. या दोन गोष्टी एकाच पानावर मांडा आणि पुढे काही बोलू नका. जॅफ्रीतल्या 1795 च्या वाचनालयाच्या संस्थापक सभासदांत त्याचे नाव आहे, आणि सायमन पीटर व चार्ल्स टूथेकर ही दोन मुले त्याच्याकडे धंदा शिकायला होती. अमोसची कागदपत्रे आजही जॅफ्रीच्या सार्वजनिक वाचनालयात जपलेली आहेत. शक्य असेल तर त्यांतल्या एखाद्या पावतीचे छायाचित्र रीतसर परवानगी घेऊन छापा. शंभर ओळींनी होत नाही ते एका जुन्या हस्ताक्षराने होते.

मराठीत लिहिताना एक गोष्ट हमखास निसटते. मालकाला ‘ते’, ‘रिचर्डसनसाहेब’, आणि अमोसला ‘तो’. लिहिणाऱ्याच्या मनात तसे नसतेही, पण हात सवयीने तसा जातो. पहिला खर्डा झाला की फक्त सर्वनामे आणि क्रियापदे तपासत एकदा वाचा. ‘तो’ ठेवायचे तर दोघांनाही, ‘ते’ ठेवायचे तर दोघांनाही. व्हायोलेट आणि लिडिया यांनाही त्याच मापाने. ‘अमोस गुलाम होता’ यापेक्षा ‘अमोसला गुलाम म्हणून ठेवले होते’ असे सुरुवातीला तरी लिहा. ठेवणारा कोणीतरी असतो हे त्यात दिसते. पुढे प्रत्येक वाक्यात ते ओढत नेऊ नका, भाषा जड होते.

चामड्याचा धंदा आपल्याकडे नुसता धंदा नाही, त्याला जात चिकटवलेली आहे. वर्गात हे पुस्तक वाचणाऱ्या एखाद्या मुलाच्या आजोबांनी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडी कमावली असेल. कोल्हापुरी चपलेचे चामडे त्याच रीतीने होत आले आहे; कोल्हापूरकडे कातड्याची पिशवी शिवून, टांगून, आत सालीचे पाणी भरत. म्हणून ‘घाणेरडे काम’, ‘हलके काम’ हे शब्द खर्ड्यात कुठेही येता कामा नयेत. वास येत होता असे लिहा, हात चुन्याने सोलत होते असे लिहा. त्या रीतीला कसब म्हणा, कारण ते कसबच आहे. मागच्या पानावर अर्ध्या पानाची टीप द्या: ओकची साल तिकडे, बाभूळ आणि हिरडा इकडे, रसायन तेच. त्याच टिपेत हेही येऊ द्या की 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. जात आणि गुलामगिरी एकच असे ठोकून देऊ नका. फुल्यांना दोन्हींत नाते दिसले, एवढे सांगितले की शिक्षकाला वर्गात पुढे बोलता येते.

छपाईचा हिशेब: 16 पानी दोन फॉर्मे म्हणजे 32 पाने. त्यांतली शीर्षक, श्रेयनामावली, नकाशा, टिपा मिळून पाच-सहा जातात. उरलेल्या 26 पानांत 2500 ते 3000 शब्द बसवा. त्यापलीकडे गेलात तर अक्षर बारीक करावे लागेल, आणि या वयाला 16 पॉइंटच्या खाली उतरू नये. कातडी कमावण्याला सहा पाने, कागद आणि पैशाला पाच, लिडिया-व्हायोलेटला चार, जॅफ्रीला सहा, उरलेली जोडणीला. तारखा पानाच्या कडेला वेगळ्या पट्टीत घेतल्या तर मजकूर हलका राहतो.

चित्रकाराला लेखी टिपण द्या, तोंडी नको. ‘गुलाम’ म्हटले की कापसाचे शेत, साखळदंड आणि चाबूकवाला मुकादम हे चित्र हाताला सवयीने येते. ते दक्षिणेतले, आणि पुष्कळदा पुढच्या शतकातले. इथे हवी आहेत लाकडी फळ्यांची घरे, दगड रचून केलेल्या कुंपणाच्या भिंती, बर्फ, ओढा, आणि जॅफ्रीच्या पानांवर मागे मोनॅडनॉक डोंगर. अमोसच्या अंगावर गुडघ्यापर्यंतची तुमान, लांब मोजे, चामड्याचा एप्रन. कॅमेऱ्याचा शोध लागण्याआधीचा हा माणूस, त्यामुळे चेहरा कल्पनेचा असणार. पुस्तकात तसे छापा. आणि वय सांभाळा: 1770 मध्ये तो साठीचा आहे, जॅफ्रीला जाताना सत्तरीचा. बहुतेक खर्ड्यांत चित्रकार त्याला तिशीतला, पिळदार दंडांचा काढतो. पिकलेले केस आणि वाकलेली पाठ असलेला माणूस जड, ओले कातडे खड्ड्यातून ओढून काढतो आहे, असे चित्र पहिल्या कच्च्या रेखाटनापासूनच मागून घ्या.